चीज मुरलं, क्रियापद विरलं

उत्रेख्तच्या फ्रेडेनबुर्ख चौकात शनिवारी बाजार भरतो. चीजवाल्याकडे पिवळीधमक चाकं एकावर एक रचलेली असतात आणि त्यांवर पाट्या: योंग, योंग बलेखन, बलेखन, औट. योंग म्हणजे कोवळं, औट म्हणजे जुनं. मधल्या 'बलेखन'पाशी मी डच शिकवते ती मंडळी हटकून अडतात. हे धातुसाधित दिसतं खरं, पण त्याचा धातू रोजच्या बोलण्यात कुठेच सापडत नाही.

'लिखन' म्हणजे पडून असणं. त्याचं भूतकाळी धातुसाधित 'खलेखन'. क्रियापदाला 'ब' किंवा 'फर' असा उपसर्ग लागला की सुरुवातीचा 'ख' येत नाही. 'बलिखन' या जुन्या क्रियापदापासून 'बलेखन' झालं: पडून राहून चांगलं झालेलं. क्रियापद वापरातून गेलं, धातुसाधित तेवढं चीजच्या आधाराने टिकलं. आपण 'मुरलेलं लोणचं' म्हणतो, तसंच 'लोणचं मुरतंय' असंही म्हणतो. डच माणसाला ही दुसरी सोय या शब्दात उरलेली नाही. तो 'रेपन', म्हणजे पिकणं, हे वेगळंच क्रियापद वापरतो.

आणि चीज खरोखरच पडून असतं. खौडा चीजची चाकं लाकडी फळ्यांवर ठेवतात, अधूनमधून उलटतात. योंग साधारण चार आठवड्यांचं, बलेखन सोळा ते अठरा आठवड्यांचं. तेवढ्या काळात पाणी उडून जातं, प्रथिनं आणि स्निग्धांश फुटतात, चव खारट-खमंग होते. सुरीलाही फरक कळतो: योंग रबरासारखं वाकतं, जुन्याचे तुकडे पडतात.

घोटाळा होतो तो 'बलेख्त'शी. 'बलेख्त ब्रोट्ये' म्हणजे वर चीज किंवा मांस घातलेला पाव. ते 'लेखन', म्हणजे ठेवणं, या क्रियापदाच्या घरातलं. त्यामुळे पावावर बलेखन चीज घातलंत, तर पाव बलेख्त होतो, बलेखन नाही! वर्गात हे वाक्य मी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेते.

माझा सगळ्यात लाडका मात्र 'बलेखन'चा भाऊ, 'फरलेखन'. मूळ अर्थ, फार काळ पडून राहून बिघडलेलं. दुकानात पडून खराब झालेल्या मालाला हा शब्द अजूनही लागतो. पण रोजच्या डचमध्ये फरलेखन म्हणजे लाजरं, संकोची माणूस. नवीन आलेल्या मुलांना शाळेत हा शब्द फार लवकर चिकटतो.