पॅड थांबत नाही: भजनातलं जुनं-नवं

ज्यांना भाग पूर्ण ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो, तेवढं गाळलंय.

आपल्या देऊळगाव राजात बालाजीची यात्रा असो, नाहीतर आसपासच्या गावातला सप्ताह, भजनाला बसलेल्यांत दोन पार्ट्या असतातच. एक म्हणते, वीणा, टाळ, पखवाज आणि पेटी, एवढं पुरे. दुसरी म्हणते, राजेहो, ऑक्टोपॅड लावा, कीबोर्ड लावा, नाहीतर पोरं मंडपात टिकणार नाहीत. पहिले दुसऱ्यांना ‘ऑर्केस्ट्रावाले’ म्हणतात, दुसरे पहिल्यांना ‘जुनी कॅसेट’.

आता हे जुनं म्हणजे किती जुनं? पेटीच घ्या. ती एकोणिसाव्या शतकातली, मूळची युरोपातली. तिच्यातून मींड निघत नाही, सूर ठरावीक जागी बांधलेले, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली होती आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. आज त्याच पेटीशिवाय आपल्याला भजन ‘पारंपरिक’ वाटत नाही! चालींचंही तेच. लताबाईंच्या ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली श्रीनिवास खळ्यांनी बांधल्या, स्टुडिओत रेकॉर्ड झाल्या. पंडित भीमसेन जोशींची ‘संतवाणी’ तर मैफलीतून आली. पण त्यातलं एखादं गाणं गावात कुणी म्हटलं, की शेजारचे आजोबा म्हणतात, ‘व्वा, जुनी चाल!’ तुकोबांच्या काळातली नाही हो ती, आजोबांच्या रेडिओवरची आहे.

अगदी हेच भांडण अमेरिकेत ब्लूग्रास नावाच्या संगीतात चालतं. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बेस. ड्रम नाही, ठेका तारांतूनच काढायचा. केंटकीचा बिल मन्रो हा त्याचा मूळपुरुष. १९४५च्या शेवटी त्याच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज आला, तीन बोटांनी बँजो झरझर वाजवायला लागला, आणि लोक थक्क झाले. म्हणजे तेव्हा ते एकदम मॉडर्न होतं. पण १९७१मध्ये सॅम बुशच्या ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’नं इलेक्ट्रिक बेस आणला, रॉकची गाणी घेतली, केस वाढवले, तेव्हा जुन्या रसिकांनी तोंडं वाकडी केली. तोवर स्क्रग्जचा बँजो ‘परंपरा’ झाला होता. आताचा बिली स्ट्रिंग्ज दोन्ही वाजवतो, जुनी गाणी जुन्यासारखी आणि मध्येच गिटारला इलेक्ट्रॉनिक इफेक्ट. २०२१मध्ये त्याला ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं.

म्हणून मला वाद्य किती जुनं, हा वाद फोल वाटतो. खरा फरक दुसरीकडे आहे.

वारकरी भजन कसं चालतं बघा. विणेकरी उभा. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत, मध्ये पखवाज. एकजण चरण म्हणतो, रांगा तो उचलतात, धृपदावर परत येतात. लय हळूहळू चढते, पावली सुरू होते. पखवाजवाला डाव्या पुडीला कणीक लावून घुमारा काढतो, पण त्याचं अर्धं लक्ष रांगेवर असतं. म्हातारे दमले तर तो लय धरून ठेवतो, पोरं रंगात आली तर सोडतो. इथं श्रोता असा कुणी नसतोच, ज्याच्या हातात टाळ तो कलाकार. ब्लूग्रासच्या जत्रांतही लोक आपापली वाद्यं घेऊन येतात आणि स्टेज संपलं तरी पार्किंगमध्ये रात्री उशिरापर्यंत एकत्र वाजवत बसतात.

पॅडमध्ये भरलेला ठेका मात्र कुणासाठी थांबत नाही. त्यावर सिनेमाची चाल बसवली, एकानं माइक धरला, की टाळवाले हळूच टाळ मांडीवर ठेवतात आणि मोबाइल काढून शूटिंग करायला लागतात. मंडपात गर्दी दिसते, गाणारे दोन. नुकसान झालं ते इथं. आणि ज्या पोरानं पाच-सहा वर्षं घासून पखवाज शिकला, त्याला सप्ताहाची सुपारी येईनाशी होते, तेही.

पण पॅड हातानंही वाजवता येतो, रांगेकडे बघून. ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड अभंग गिटार-बेसवर वाजवतो, आणि समोरची कॉलेजची पोरं ओळी पाठ नसतानाही धृपद उचलतात. मला ते भजनाच्या जास्त जवळचं वाटतं, निर्जीव ठेक्यावरच्या ‘पारंपरिक’ भजनापेक्षा. जुन्या मंडळींना हे पटणार नाही, माहीत आहे. आमच्या घरीच पटत नाही.

आता एक काम करा. हेडफोन लावा आणि शेगावच्या पालखीतल्या भजनाची एखादी रेकॉर्डिंग ऐका. गायकाकडे दुर्लक्ष करा, फक्त पखवाज ऐका. लय कुठं बदलते ते पकडा, आणि मग बिली स्ट्रिंग्ज लावा. कुठल्या मिनिटाला काय सापडलं ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात लावू.