पॉलिइमाइडे, समघटकी

पॉलिइमाइडे, समघटकी : समघटक एकवारिकांपासून (रेणूतील अणूंचे प्रकार व संख्या तीच, पण जोडणी निराळी असलेल्या संयुगांपासून) बनविलेली, उच्च तापमानास टिकणारी बहुवारिके. उष्णता सहन करण्याची क्षमता न गमावता प्लॅस्टिक वितळवून घडविता यावे, हा त्यांच्या निर्मितीमागील हेतू आहे.

पॉलिइमाइडे सामान्यतः डायॲनहायड्राइड व डायअमाइन यांच्या विक्रियेने बनवितात. पायरोमेलिटिक डायॲनहायड्राइड व ४,४′-ऑक्सिडायॲनिलीन यांपासून मिळणारे ‘कॅप्टन’ या व्यापारी नावाचे पटल हे त्यांचे परिचित उदाहरण होय. त्याच्या ताठ शृंखला एकमेकींस घट्ट बिलगतात. त्यामुळे ते उष्णतेत टिकते, पण वितळण्यापूर्वीच त्याचे अपघटन होते. म्हणून प्रथम विद्राव्य पॉलिॲमिक अम्ल तयार करून त्याचा थर देतात व तो तापवून इमाइड बनवितात. या क्रियेत पाणी सुटत असल्याने जाड वस्तूंत पोकळ्या राहतात.

शृंखला लवचिक केल्यास वितळ प्रवाही होतो, पण काच-संक्रमण तापमान (ज्याच्यावर ताठ पदार्थ मऊ होतो ते तापमान) घटते. १९८२ मध्ये बाजारात आलेले ‘अल्टेम’ हे पॉलिईथरइमाइड साच्यात सहज घडविता येते, पण त्याचे हे तापमान सुमारे २१७° से. एवढेच आहे.

बायफिनिल डायॲनहायड्राइडाच्या समघटकांमुळे हा पेच बराचसा सुटतो. ३,३′,४,४′ हा समघटक सममित असून त्यापासून बऱ्याच सरळ शृंखला मिळतात. २,३,३′,४′ हा असममित समघटक शृंखलेत वाक आणतो व त्यातील दोन बेंझीन वलये एका प्रतलात राहत नाहीत. परिणामी शृंखलांची रचना विरळ होऊन वितळाची श्यानता घटते व विद्राव्यता वाढते. मात्र वलयांना जोडणाऱ्या बंधाभोवतीचे भ्रमण अडत असल्याने काच-संक्रमण तापमान घटत नाही. उलट बहुधा वाढते. मेटा-स्थानी जोडलेल्या डायअमाइनांनीही प्रवाहिता वाढते, पण त्यांत हे तापमान सामान्यतः उतरते.

अमेरिकेतील नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रात विकसित झालेल्या ‘पीईटीआय-३३०’ या रेझिनात असममित समघटकाचा उपयोग केला आहे. त्याच्या आखूड शृंखलांच्या टोकांस फिनिलएथिनिल गट असतात. सुमारे २८०° से.ला ते पातळ असल्याने कार्बन तंतूंच्या विणीत भरता येते. पुढे सुमारे ३७०° से.ला टोके परस्परांशी जुळून ते दृढ होते व काच-संक्रमण तापमान ३३०° से.पर्यंत जाते. इमाइडीकरण आधीच झालेले असल्याने या वेळी पाणी सुटत नाही.

वाकड्या शृंखलांमुळे औष्णिक प्रसरण मात्र वाढते. म्हणून जेथे मापांची स्थिरता महत्त्वाची असते, अशा इलेक्ट्रॉनीय पटलांसाठी सममित समघटकच अधिक योग्य ठरतो.