मोहोरावरील किडीचें छायाचित्र आणि स्वस्त भिंगें

पौष महिना लागला व हापूसच्या कलमांवर मोहोर दिसूं लागला, म्हणजे आमच्या रत्नागिरीकडील बागायतदाराची झोंप उडते. थंडी पुरेशी पडेल कीं नाहीं, मळभ येईल कीं काय, ह्या गोष्टी आपल्या हातच्या नाहींत. परंतु मोहोरावर कोणती कीड आली आहे हें ओळखणें पुष्कळ अंशीं आपल्या हातचें आहे. आणि तेंच आपण नीट करीत नाहीं, असें आम्हांस स्वानुभवावरून म्हणावें लागतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरच्या कलमांचा मोहोर सुकूं लागला. चष्मा लावून पाहिलें, तों कांहीं बारीक हालतांना दिसलें. दरसालचे तुडतुडेच असावेत असें धरून आम्हीं औषध आणलें व दोनदां फवारलें. गडी, पंप व औषध मिळून खर्च झाला तो झालाच. पण फळ सुपारीएवढें झालें, तेव्हां सालीवर तपकिरी, खरबरीत चट्टे उठलेले दिसले. तो माल पेटींत भरण्याजोगा राहिला नाहीं. कॅनिंगला द्यावा लागला. पुढें पुतण्यानें आपल्या मोबाइलवर एक लहानसें चिमट्याचें भिंग बसवून कोंवळ्या फळाचें छायाचित्र काढून दाखविलें. ते तुडतुडे नव्हते, फुलकिडे होते. सरकारी दप्तरांत उभा जन्म आम्हीं खाडाखोड न करितां आंकडे लिहिले, आणि स्वतःच्या बागेंतील नोंद मात्र चुकीची केली!

तुडतुडा तीन ते पांच मिलिमीटर लांब, डोक्याकडे रुंद व मागें निमुळता असतो. चाहूल लागतांच तिरपा चालतो किंवा उडी मारतो. तो मोहोराचा रस शोषतो व मधासारखा चिकट द्रव टाकतो, त्यावर काळी बुरशी वाढते. फुलकिडा सुमारें एक मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान, बारीक काडीसारखा व बहुधा फिकट पिवळा असतो. मोठ्या किड्याच्या पंखांस झालर असते. तो कोंवळी साल खरवडून रस घेतो. एकावर चालणारें औषध दुसऱ्यावर चालेलच असें नाहीं, आणि तेंच तें औषध वारंवार मारल्यानें कीड त्यास दाद देईनाशी होते.

आतां भिंगाविषयीं. प्रत्येक कॅमेऱ्यास जवळ जाण्याची एक मर्यादा असते; तिच्या अलीकडची वस्तु धूसर दिसते. पुढें एक फुगीर भिंग लावलें कीं ही मर्यादा कमी होते. भिंगाची शक्ति डायॉप्टर ह्या मापानें सांगतात. १०० सेंटिमीटरांस त्या अंकानें भागावें. कॅमेरा दूरवर लावलेला असतां वस्तु तितक्या अंतरावर स्पष्ट दिसते. ४ डायॉप्टरचें भिंग २५ सेंटिमीटरांवर, १० डायॉप्टरचें १० सेंटिमीटरांवर.

मोबाइलकरितां चिमट्याचें भिंग कांहीं शेकडे रुपयांत मिळतें. पेटीवरील ‘इतक्या पट’ ह्या आंकड्यावर भुलूं नये. दुकानांतच छापील कागद टिपून कडेपर्यंत अक्षरें स्पष्ट येतात कीं नाहींत तें पाहावें. मोबाइलला अनेक कॅमेरे असल्यास भिंग मुख्य कॅमेऱ्यावरच बसवावें. तेवढाही खर्च नको असेल, त्यानें घरांतील दहा पटीचें हातभिंग कॅमेऱ्यास टेकवून धरावें, काम भागतें.

ज्यांच्याकडे भिंग बदलण्याचा कॅमेरा आहे, त्यांस तीन मार्ग आहेत. एक, पुढें आट्यांवर बसणारें जवळदर्शी भिंग. एकेरी कांचेच्या भिंगांत कडेला रंग फांकतात, दुहेरी कांचेचें महाग पण चांगलें. दुसरा, कॅमेरा व भिंग ह्यांमध्यें बसणारी पोकळ नळी. ५० मिलिमीटरच्या भिंगामागें २५ मिलिमीटरची नळी घातली, तर प्रतिमा आणखी अर्ध्या पटीनें मोठी होते. तिसरा, भिंग उलटें बसविण्याचें कडें. हें फारच स्वस्त, परंतु भिंगाची मागील बाजू उघडी पडते, तिला धूळ व खारी हवा लागूं देऊं नये.

छायाचित्र सकाळीं लौकर काढावें. त्या वेळीं वारा पडलेला असतो व कीडही सुस्त असते. खारे वारे सुटल्यावर मोहोर स्थिर राहत नाहीं. मोहोराखालीं कागद धरून देंठास हलकेच दोनचार टिचक्या माराव्या. पिवळा फुलकिडा काळ्या कागदावर उठून दिसतो. शेजारीं मिलिमीटरची पट्टी ठेवावी, म्हणजे लांबीबद्दल वाद उरत नाहीं. कोपरें अंगाशीं घट्ट धरून मोबाइलच हळूहळू मागेंपुढें सरकवावा, श्वास रोखावा व दहाबारा छायाचित्रें घ्यावीं. त्यांतील एक तरी साधतें. झगझगीत दिवा टाळून पांढऱ्या कागदानें उजेड परतवावा. पावसाळ्यांत आपल्याकडे भिंगांवर बुरशी चढते. तीं सिलिका जेलसह हवाबंद डब्यांत ठेवावीं.

छायाचित्रानें सर्व कांहीं कळतें असें मात्र नव्हे. तुडतुडा कीं फुलकिडा एवढें कळेल. फुलकिड्याची नेमकी जात ठरविण्यास सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणीच हवी. यास्तव कीड अल्कोहोलच्या कुपींत घालून, कलम व तारीख लिहून, छायाचित्रासह १९७२ सालीं दापोलीस स्थापन झालेल्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या तज्ज्ञांस दाखवावी.

२०२१ सालापासून ई-पीक पाहणीकरितां आपण शेतांत उभे राहून पिकाचें छायाचित्र काढूं लागलों. तें सरकारच्या नोंदीसाठीं. त्याच मोबाइलनें दर आठ दिवसांनीं त्याच चार कलमांच्या मोहोराचें छायाचित्र घेऊन ठेवावें. ही नोंद आपल्या स्वतःच्या खात्याची होय. आधीं पाहावें, मग ओळखावें, आणि मगच पंपास हात घालावा.