हरलेल्या पक्षात मागे कोण उरतं?

जिंतूरहून जालन्याकडे निघालं की वाटेत चारठाणा लागतं. परभणी जिल्ह्यातलं हे जुनं गाव. शेकडो वर्षांपूर्वीची देवळं, काही पडझड झालेली, काही अजून नांदती, आणि त्यांच्यात एकटाच उभा असलेला उंच कोरीव दगडी स्तंभ. हे बघायला बाहेरून माणसं येतात. गावातल्या हॉटेलवर मात्र चहासोबत राजकारणच चालतं. निवडणुकीचा निकाल लागला की जिंकलेल्याची चर्चा दोन दिवस पुरते. तिसऱ्या दिवसापासून प्रश्न हरलेल्याचा असतो: आता हा कुणीकडं जातो?

या प्रश्नात चेष्टा कमी आणि हिशोब जास्त आहे. भर रब्बीत डीपी जळाली तर महावितरणला फोन कोण लावणार? रस्ता, विहिरीचं अनुदान, तहसीलमध्ये अडलेलं काम, सगळ्यांच्या किल्ल्या सत्तेच्या कमरेला. हरलेला पुढारी पाच वर्षं 'बघतो, सांगतो' म्हणत राहिला तर त्याच्या वाड्यापुढच्या चपला कमी होत जातात. ताजं उदाहरण घरचंच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये जिंतूर मतदारसंघात भाजपच्या मेघना बोर्डीकरांनी शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे विजय भांबळे यांना थोडक्या मतांनी हरवलं. वर्षाच्या आत भांबळे अजित पवारांच्या राष्ट्रवादीत होते. हॉटेलवरच्या मंडळींना फारसं नवल वाटलं नसणार.

पराभवानंतर पक्ष कसा मोडतो हे नीट बघायचं असेल तर शेतकरी कामगार पक्षाकडे, म्हणजे शेकापकडे, जावं लागतं. परभणीला हा पक्ष परका नाही. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, परभणी हैदराबाद राज्यात असताना, इथून शेकापचे नारायणराव वाघमारे निवडून आले होते.

पक्षाचा जन्म काँग्रेसच्याच घरातला. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी 1947 मध्ये काँग्रेसमध्ये राहूनच शेतकऱ्या-कामगारांचा वेगळा गट बांधला आणि पुढच्या वर्षी घर सोडलं. बहुजन शेतकरी समाजाचा मोठा वर्ग त्यांच्यामागे होता. 1950 मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीत मार्क्सवादी वळणाचा प्रबंध मंजूर झाला. पण प्रबंध कितपत खरा मानायचा यावरून भांडणं सुरू झाली आणि दत्ता देशमुखांसारखी माणसं निवडणुकीआधीच कामगार किसान पक्षाकडे गेली. अशा अवस्थेत 1952 उजाडलं. मुंबई राज्याच्या 315 जागांपैकी काँग्रेसला 269, शेकापला 14. ग्रामीण महाराष्ट्र आपल्यामागे आहे असं मानणाऱ्या पक्षाला ही थप्पडच होती.

खरी पडझड त्यानंतरची. 1954 मध्ये जेधे काँग्रेसमध्ये परतले. मोरेही त्याच वाटेने गेले. ज्यांनी पक्ष काढला त्यांनीच तो सोडला! 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेतही जेधे बारामतीतून निवडून आले, तेही काँग्रेसचे म्हणून. त्यांना संधिसाधू म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. सहकारी संस्था, पतपुरवठा, जिल्ह्याचा कारभार हे सगळं काँग्रेसच्या हातात एकवटत होतं. शेतकऱ्याचं भलं करायचं तर त्या खोलीतच बसावं लागेल, हा युक्तिवाद तेव्हा अनेकांना पटत होता. 1955 च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि शेकापच्या घोषणेतली हवाच काढून घेतली. पुढे यशवंतराव चव्हाणांनी 'बेरजेचं राजकारण' केलं, ते उरलेल्यांसाठीचं खुलं दारच होतं. 1960 मध्ये रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते त्या दारातून आत गेले.

तरी पक्ष मेला नाही, आणि ही या कथेतली जास्त मोलाची बाजू. धाराशिवचे उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, सांगोल्याचे गणपतराव देशमुख मागे राहिले. गणपतराव 1962 ते 2014 या काळात अकरा वेळा आमदार झाले. मधे दोनदा हरले, त्यात 1995 चा पराभव तर 192 मतांचा. त्यांनी पक्ष सोडला नाही. 1977 मध्ये शेकापचे पाच खासदार निवडून आले. त्यातले तिघे मराठवाड्यातले: लातूरहून उद्धवराव, नांदेडहून केशवराव धोंडगे आणि परभणीहून शेषराव देशमुख. पंचवीस वर्षांनी परभणीने पुन्हा लाल बावटा दिल्लीला धाडला.

गोव्यात हेच नाटक छोट्या रंगमंचावर झालं. 1980 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सात जागांवर आला आणि माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर बहुतेक आमदारांसह काँग्रेसमध्ये गेल्या. मागे राहिले दोघे, रमाकांत खलप आणि बाबूसो गावकर. 1989 मध्ये त्याच पक्षाने 18 जागा जिंकल्या. तामिळनाडूत तर पराभवाने उलटंच केलं. एम. जी. रामचंद्रन यांच्यानंतर फुटलेले अण्णाद्रमुकचे दोन गट 1989 मध्ये द्रमुककडून हरले आणि पुन्हा एक झाले.

एक फरक सहसा नजरेतून सुटतो. आमदारांचं बळ हाती असताना पक्ष फुटला की भांडण नावासाठी आणि चिन्हासाठी होतं. शिवसेनेचा धनुष्यबाण आणि राष्ट्रवादीचं घड्याळ निवडणूक आयोगासमोर आणि न्यायालयात गेलं ते त्यामुळेच. हरलेल्या पक्षाच्या चिन्हासाठी कोण भांडणार? तिथे माणसं एकेक करून उठून जातात. कायदाही त्यांना अडवत नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एकतृतीयांश आमदारांच्या फुटीला मुभा होती, ती 2003 मध्ये काढली. पण हा कायदा सभागृहातल्यांसाठी. पराभूत उमेदवाराकडे गमावायला आमदारकीच नसते, त्यामुळे तो सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात असू शकतो.

शेकापने हे नुकतंच पुन्हा भोगलं. जुलै 2024 मध्ये सरचिटणीस जयंत पाटील विधान परिषदेला हरले. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत पक्षाच्या बालेकिल्ल्यात, अलिबागमध्ये, त्यांच्या सून चित्रलेखा पाटील पडल्या. एप्रिल 2025 मध्ये जयंत पाटलांचे सख्खे भाऊ, माजी आमदार पंडित पाटील भाजपमध्ये गेले. रायगडात पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराला लोक शेकापच म्हणत आले, त्या घराचीच वाटणी झाली.

त्या विधानसभा निवडणुकीत शेकापचा एकच आमदार निवडून आला, सांगोल्याहून. बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे नातू. परभणीतून 1977 नंतर शेकापचा खासदार झालेला नाही.