एक यंत्र, चार बिऱ्हाडे

समजा, बिलोलीतल्या एखाद्या शाळेने एक बऱ्यापैकी संगणक घेतला आहे. त्यावर ग्रंथालयाची सूची आहे, परीक्षेचे गुण आहेत, इंटरनेट नसतानाही वाचता यावा म्हणून विकिपीडियाचा साठा आहे आणि मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅमही तिथेच चालतात. मागेल त्याला माहिती पुरवणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हर म्हणतात. येथे एकाच यंत्रावर असे चार सर्व्हर नांदत आहेत. अकरावीतल्या एका मुलाचा प्रोग्रॅम न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला आणि मेमरी खातच सुटला, तर त्याच वेळी भरल्या जात असलेल्या गुणांचे काय होईल?

ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घ्यावी, हे ठरवताना आम्ही आधी हा प्रश्न विचारू.

डॉसच्या काळात एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीत खुशाल लिहू शकत असे. आजच्या प्रणाली तसे होऊ देत नाहीत. पण एकूण मेमरी संपण्याचा धोका उरतोच. ती संपली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एखादा प्रोग्रॅम बंद पाडून जागा करतो. बहुधा सर्वांत जास्त मेमरी वापरणाऱ्यावर पाळी येते, आणि तो गुणांचा सर्व्हरही असू शकतो! उपाय म्हणजे प्रत्येकाची कमाल मर्यादा आधीच बांधून देणे. लिनक्समध्ये ही सोय २००८ पासून आहे.

याहून पक्की विभागणी दोन प्रकारे करता येते. एका वाड्यात चार बिऱ्हाडे असावीत, खोल्यांना कुलपे वेगळी, पण आड एकच, तशी कंटेनरची रचना असते. कर्नल सर्वांचा एकच. फ्रीबीएसडी या प्रणालीने २००० साली 'जेल' या नावाने अशी सोय दिली. दुसरा प्रकार आभासी यंत्राचा. येथे प्रत्येकाचे घरही वेगळे आणि आडही वेगळा. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर हे १९६० च्या दशकातच साधले होते. मात्र वेगळ्या घराला खर्च येतो. प्रत्येक आभासी यंत्रातील प्रणालीला अर्धा गिगाबाइट लागला, तर चौघांचे दोन झाले. आठ गिगाबाइटच्या संगणकाची पाव मेमरी संसार मांडण्यातच गेली. म्हणून आम्ही मुलांच्या प्रोग्रॅमना तेवढे आभासी यंत्र देऊ आणि बाकीचे तीन सर्व्हर कंटेनरमध्ये ठेवू.

आता विजेचे. ती लिहिता लिहिता गेली तर? दुकानदार व्यवहार आधी कीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत उतरवतो. मध्येच उठावे लागले तरी कीर्द पाहून काम पुरे करता येते. डिस्कवरील फाइलव्यवस्थाही आज अशीच कीर्द ठेवते. लिनक्सच्या मुख्य धारेत ईएक्सटी-३ ही अशी व्यवस्था २००१ मध्ये आली. विंडोज एनटीकडे तशी सोय १९९३ पासूनच होती. पण ही कीर्द बहुधा फाइलींची मांडणी सांभाळते, त्यांतला मजकूर नव्हे. त्यामुळे गुण साध्या फाइलीत न ठेवता स्वतःची कीर्द ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवावेत. वीज परतल्यावर सर्व्हर आपोआप उठतील, अशी नोंदही प्रणालीत करून ठेवावी. रात्री दोन वाजता शाळा उघडायला कोण जाणार?

तिसरी बाब आयुष्याची. सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? सेंटओएस ८ ही प्रणाली २०१९ मध्ये आली तेव्हा २०२९ पर्यंतची अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये निर्णय फिरला आणि २०२१ अखेर ती थांबली. ज्यांनी शेकडो सर्व्हर तिच्यावर बसवले होते, त्यांची धावपळ झाली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला सुमारे तीन वर्षे आणि पुढे वाढीव मुदत, अशी एकूण पाच वर्षे मिळतात. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. आमचा कौल डेबियनला. विंडोज सर्व्हर कच्चा आहे असे मुळीच नाही, पण परवान्याचे पैसे मोजावे लागतात. शाळेचे एखादे सॉफ्टवेअर त्यावरच चालत असेल, तर तो घ्यावा.

प्रत्यक्ष गुण भरण्यापूर्वी एका सुट्टीत परीक्षा घ्यावी. खोटे गुण भरून, यादीत अखंड भर घालणारा दोन-तीन ओळींचा प्रोग्रॅम मुद्दाम सोडावा आणि इतर सर्व्हर उत्तर देतात का, ते पाहावे. मग गुण भरत असतानाच बटण बंद करावे. पुन्हा सुरू केल्यावर शेवटची कोणती नोंद शिल्लक आहे, ते मुलांनाच तपासू द्यावे. खऱ्या गुणांची एक प्रत मात्र दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या खोलीत असू द्यावी.