मोजमाप वहीतली नोंद

कॉस्टिंगच्या पेपरात ठेक्याच्या खात्याचे गणित हमखास येते. प्रमाणित झालेले काम इतके, अप्रमाणित इतके, मालकाने राखून ठेवलेली रक्कम इतकी. तर नफा काढा. वर्गात ते दहा मिनिटांत सुटते. आमच्या घरी मात्र हेच तीन आकडे दोन वर्षे सुटत नव्हते. वडील बेळगावात बांधकामाचे लहानसहान ठेके घेतात. एका कामावर मालकाच्या माणसाने येऊन एक पाण्याची टाकी जादा बांधायला आणि मागची भिंत दोन फूट उंच करायला सांगितले. सांगितले मराठीत. टाकीचे मोजमाप वहीत लिहिले गेले ते कन्नडमध्ये. करारपत्र इंग्रजीत, आणि त्यात टाकीही नाही, भिंतही नाही. साहजिकच बिल अडले. त्या निमित्ताने मी वाचू लागलो, तेव्हा केवळ बांधकामाचेच तंटे चालविणाऱ्या वकिलांच्या पेढ्या असतात, हे मला प्रथम कळले.

वकील तो वकील, त्यात बांधकामाचा वेगळा कशाला, असे वाटेल. मलाही वाटले होते. पण कापडाच्या गठ्ठ्याचा सौदा होतो तेव्हा गठ्ठा समोर असतो. इमारतीचा करार होतो तेव्हा इमारत नसते. ती उभी राहीपर्यंत नकाशे बदलतात, पायात खडक लागतो, पाऊस लांबतो, जागाच वेळेवर ताब्यात मिळत नाही. काम सहा महिने लांबले तर त्यातले किती मालकामुळे आणि किती ठेकेदारामुळे, हे ठरवायला मूळ वेळापत्रक, साईटची रोजची डायरी, नकाशे हाती आल्याच्या तारखा आणि सगळा पत्रव्यवहार पुढ्यात घेऊन बसावे लागते. या पेढ्यांतील वकिलांचा बराचसा वेळ कोर्टात न जाता अशा कागदांत जातो, आणि शेजारी इंजिनियर व मोजमापाचे जाणकार बसलेले असतात.

लंडनमध्ये ही शाखा फार जुनी आहे. फेनविक इलियटसारख्या पेढ्या मुख्यतः हेच काम करतात. तिथे अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायालयही आहे. १९९८ पासून त्याला 'टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन कोर्ट' म्हणतात. पण मला हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. १९९६ च्या एका कायद्याने तिथे बांधकामाच्या करारातील कोणत्याही पक्षाला केव्हाही निवाडाकाराकडे जाता येते, आणि त्याने साधारणपणे २८ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आधी पैसे द्या, वाद मागाहून घाला, असा एकूण रोख. कागदावर नफ्यात असलेला ठेकेदारसुद्धा दोन आठवड्यांची मजुरी थकली की बुडतो, हे तो कायदा करणाऱ्यांना ठाऊक असावे.

आपल्याकडे मोठ्या ठेक्यांचा वाद बहुधा लवादाकडे जातो. त्यासाठी आधी १९४० चा कायदा होता, आता १९९६ चा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने लवादाला बारा महिन्यांची मुदत घातली. परंतु निवाडा झाला म्हणजे भांडण मिटले असे नव्हे. दिल्लीच्या विमानतळ मेट्रो मार्गाचेच पाहा. पुलाच्या गर्डरांना तडे गेले, सांगूनही दोष ९० दिवसांत दूर झाले नाहीत, म्हणून मार्ग चालविणाऱ्या कंपनीने २०१२ साली करार संपविला. लवादाने २०१७ साली तिच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटी रुपयांचा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०२१ साली कायम केला आणि २०२४ साली स्वतःच रद्द केला! गाड्या पुन्हा चालवायला सुरक्षा आयुक्तांनी दिलेल्या प्रमाणपत्राकडे लवादाने डोळेझाक केली होती, हे त्याचे एक मोठे कारण. कोट्यवधींच्या वादातही शेवटी एक कागदच आडवा आला.

आता वाणिज्य शाखेच्या मित्रांसाठी थोडे गणित. काम लांबले की ठेकेदाराचा कचेरीखर्च चालूच राहतो. तो मागण्यासाठी 'हडसन सूत्र' वापरतात. समजा ठेका १ कोटी २० लाखांचा, मुदत बारा महिने, कचेरीखर्च व नफा मिळून दहा टक्के. म्हणजे महिन्याला दहा लाखांचे काम आणि त्यावर एक लाख. मालकामुळे चार महिने उशीर झाला तर मागणी चार लाखांची. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या व अशा इतर सूत्रांची चर्चा करून, कोणते लावायचे ते लवादावर सोपविले. उलट ठेकेदारामुळे उशीर झाला तर करारात आठवड्याला अमुक टक्के दंड लिहिलेला असतो. पण १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम तो आकडा कमाल मर्यादा मानते. प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. हे कलम आम्ही पाठ करतो, पण ते कुणाच्या घरी लागू पडते याचा विचार मी तरी कधी केला नव्हता.

त्याच कायद्याचे ७० वे कलम मात्र थेट आमच्या घरात शिरले. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. बंगालमध्ये १९४४ साली मंडल नावाच्या ठेकेदारांनी सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून आरामबागला कच्चा रस्ता, कचेरी, स्वयंपाकघर, कारकुनांची खोली वगैरे बांधली होती. रीतसर करार झालाच नाही, असे सरकार पुढे म्हणू लागले. सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली ठेकेदारांना पैसे मिळवून दिले.

आमच्या वकिलांनी ७० व्या कलमाचा हवाला देऊन नोटीस पाठविली. (मोठ्या पेढ्यांची फी आम्हांला कुठली परवडायला! हे वकील एरवी वाटणीचे दावे चालवतात.) शेवटी तडजोड झाली. टाकीचे पैसे मिळाले, कारण तिची नोंद वहीत होती. भिंतीची नव्हती. भिंत आजही दोन फूट उंच उभी आहे.

हल्ली संध्याकाळी मी साईटवर जातो. दिवसभरात तोंडी सांगितलेली कामे डुप्लिकेट बुकात कार्बन घालून मराठीत व कन्नडमध्ये उतरवतो आणि मालकाच्या माणसापुढे सहीसाठी धरतो. त्या वेळी वडील संकोचाने दुसरीकडे पाहत उभे राहतात.