घरची वीज आणि नाक्यावरची वीज
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीनंतर एका रात्री जेवणे आटोपल्यावर दादाने विषय काढला. दादा गेली चार वर्षे दुसऱ्याची गाडी चालवतो. मांडव्याच्या जेट्टीवर उतरणारे पर्यटक घ्यायचे आणि नागाव, रेवदंडा, काशीद करीत मुरूडपर्यंत न्यायचे, हा त्याचा धंदा. आता त्याला कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यायची होती, आणि तीही विजेवरची. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "रोज तिच्या पोटात घालायला काय लागेल?"

दादाचे उत्तर तयार होते. "घरीच लावायची. सहा रुपये युनिट. एका युनिटात सहा किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला रुपया. पेट्रोलला सात लागतात."

आमच्या घरात विजेचे बिल वाचण्याचे काम सातवीपासून माझ्याकडे आहे. बाबा चौथीपर्यंत शिकले, आई तेवढीही नाही. त्यामुळे छापील कागद आला की तो माझ्या हातात येतो. दादाचे 'सहा रुपये' मला खटकले. मी कपाटातून जुनी बिले काढली आणि वहीची मागची पाने घेऊन बसले. त्या पानांचाच हा लेख झाला आहे. आकडेमोड फार वाटली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

महावितरणच्या घरगुती दराला पायऱ्या असतात: पहिली १०० युनिटांपर्यंत, दुसरी ३०० पर्यंत, तिसरी ५०० पर्यंत आणि चौथी त्यापुढची. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून या पायऱ्यांचे दर अनुक्रमे ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१ रुपये होते. वर १६ टक्के वीज शुल्क. पुढे दर बदलले, पायऱ्या मात्र त्याच राहिल्या; म्हणून मी हिशेबाला ते जुने पत्रकच धरले आहे. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार सोडून दिले आहेत.

दादाचे सहा रुपये म्हणजे पहिली पायरी. पण ती पायरी आमचे दिवे, पंखे, फ्रिज आणि आईचा मिक्सर आधीच वापरून बसलेले आहेत! आमचे महिन्याचे बिल १४० युनिटांच्या आसपास येते. गाडी घरात आली म्हणजे ती रांगेत शेवटी उभी राहणार आणि तिला वरच्याच पायऱ्यांवर जागा मिळणार. घरच्या विजेचा सरासरी दर काढून येथे चालत नाही. गाडीमुळे जी युनिटे वाढतील, त्या शेवटच्या युनिटांचा दर पाहावा लागतो.

दादाचा फेरा महिन्याला १८०० किलोमीटर धरला. त्याला मीटरवर ३०० युनिटे लागतील. म्हणजे आमचा आकडा १४० वरून ४४० वर जाईल. त्यांतली १६० युनिटे दुसऱ्या पायरीवर, १४० तिसऱ्या पायरीवर. शुल्कासह बेरीज ४,६८० रुपये झाली. युनिटला १५ रुपये ६० पैसे, किलोमीटरला २ रुपये ६० पैसे. दादाचा रुपया अडीचपटीहून वर गेला. त्याचा चेहरा मला पाहवला नाही.

आता नाक्यावरची वीज. वेगवान चार्जिंगच्या यंत्रांवर मी आणि दादाने जे दर पाहिले, ते युनिटला १८ रुपयांपासून पुढेच होते. २० धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे. घरच्या विजेवर जीएसटी नाही. मग त्याच विजेवर येथे का? एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला, की गाडी चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे. त्यामुळे परवान्याशिवाय कोणालाही स्टेशन काढण्याची वाट मोकळी झाली. पण सेवा म्हटली की तिच्यावर सेवेचा कर आला. शिवाय पन्नास-साठ किलोवॅटचे यंत्र, त्यासाठी रोहित्र, जागेचे भाडे हे सारे त्या दरात आहे. पावसाळ्यात पर्यटक नसले तरी हा खर्च थांबत नाही.

एक गोष्ट मात्र नाक्याच्या बाजूने आहे, आणि ती मला आमच्या भूगोलाच्या सरांशी बोलताना उमगली. घरी येणारी वीज एसी, बॅटरीला हवी डीसी. घरी हे रूपांतर गाडीतला चार्जर करतो आणि त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. आपला मीटर मात्र आधीच मोजून मोकळा झालेला असतो. वेगवान स्टेशनवर रूपांतर यंत्रात होते आणि सामान्यतः गाडीत गेलेली युनिटे मोजली जातात. म्हणून घरच्या ३०० युनिटांचे काम तेथे सुमारे २६५ युनिटांत होईल असे मी धरले. खर्च ६,२५४ रुपये, किलोमीटरला साधारण ३ रुपये ४७ पैसे.

फरक महिन्याला सुमारे पंधराशे सत्तर रुपये. पण पायऱ्या वेगवेगळ्या पाहिल्या तेव्हा यांतले बाराशे रुपये दुसऱ्या पायरीवरच्या १६० युनिटांतच वाचतात असे दिसले. तिसऱ्या पायरीवर घरी भरून वाचणार ते जेमतेम साडेतीनशे. आणि ज्या बंगल्यात तीन-तीन एसी चालतात आणि मीटर आधीच पाचशेच्या पुढे गेलेला असतो, त्याला घरची वीज जवळजवळ नाक्याच्याच भावात पडते! आपल्या किनाऱ्यावर असे बंगले थोडे नाहीत. मालकांना हे ठाऊक आहे की नाही कोण जाणे.

आमच्या शेजाऱ्यांनी एक तोडगा सुचवला होता: वाडीतल्या पंपाच्या जोडणीवरून वायर ओढा, शेतीचा दर लागेल. हे सरळ बेकायदा आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळा वापर सापडला, तर दुप्पट दराने आकारणी होते. बाबांनी ती सूचना ऐकूनही घेतली नाही. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर थोडी सवलत मिळू लागली. पण त्या वेळी दादाची गाडी काशीदला असणार, घरी नव्हे.

पैशांखेरीज वेळ आहे. घरच्या साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीस युनिटांची बॅटरी भरायला दहा तास, म्हणजे पुरती रात्र. नाक्यावर ऐंशी टक्के तासाभरात होते, पुढचे वीस टक्के रेंगाळतात. मुरूडला पर्यटक राजपुरीहून होडीने जंजिऱ्याला गेले की चालक दोन-तीन तास नुसता बसून असतो. जवळपास गन असेल तर ती बैठक फुकट जात नाही. पण मांडव्याला बोट लागलेली असताना रांगेत उभे राहावे लागले, तर एक भाडे जाते, आणि एका भाड्यात आठवड्याची बचत बुडते.

आईची शंका निराळी होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, खांब पडले आणि पुढे कित्येक दिवस आम्ही कंदिलावर काढले. "तेव्हा गाडी कशावर चालली असती?" तिने विचारले. दादा म्हणाला, पेट्रोल पंपही विजेवरच चालतो. आई म्हणाली, त्यांच्याकडे जनरेटर असतो. यावर दादा गप्प बसला.

शेवटी वहीत असे ठरले: रात्री घरी लावायची, पण मीटर तीनशेच्या आत ठेवायचा, बाकीची वीज हंगामात जंजिऱ्याच्या वेळेला बाहेर घ्यायची. मी त्याला ५,००० रुपये मांडले आहेत. पेट्रोलचे साडेबारा हजार होतात. गाडीची किंमत जास्त आहे, हप्ताही जास्त आहे. पण हप्ता भरून हातात काही उरते, एवढे बाबांना पटले.

आता अडले आहे ते मीटरपाशी. आमचा मंजूर भार एक किलोवॅटचा. गाडी लावायची तर तो वाढवायला हवा आणि अर्थिंगही नव्याने करायला हवे. खाऱ्या हवेने जुनी पट्टी गंजून गेली आहे. मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे आणि घर काकांशी सामाईक. अर्ज मी भरून ठेवला आहे. सहीसाठी काका पुढच्या रविवारी पेणहून येणार आहेत.